महाराजबाग ते महाल : रविवारच्या कट्ट्याचा वृत्तांत आणि एका वाड्यातली दुपार

लेखिका : मोहफूल

मंडळी, ठरल्याप्रमाणे मागच्या रविवारी आपल्या गटाचा नागपूर कट्टा (भेटीगाठी) पार पडला. एकूण १९ जण होतो. त्यात तीन लहान मुलं आणि आपले सगळ्यांचे लाडके कृषी काका, वय वर्षं ८१. ज्यांना येता आलं नाही त्यांनी "सविस्तर लिही" असं बजावलं होतं, म्हणून लिहितेय.

सुरुवातीलाच एक त्रासाची गोष्ट. शनिवारी रात्री साडेनऊला गाडीवाल्याचा फोन आला की गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला दिली, उद्या जमणार नाही. आगाऊ दिलेले पैसे अजून परत आलेले नाहीत. रात्री अकरापर्यंत फोनाफोनी केली आणि तीन कार, चार दुचाक्या असं जमवलं. महालातल्या (नागपूरच्या जुन्या वस्तीतल्या) गल्ल्यांत मोठी गाडी शिरलीच नसती, हे तिथे गेल्यावर कळलं. पण त्या रात्री मला रडू यायचंच बाकी होतं.

सकाळी साडेसहाला महाराजबागेच्या फाटकाशी जमलो. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. झाडांखाली धुकं होतं आणि आतून मोरांचा आवाज येत होता. ही बाग मूळ भोसल्यांची, म्हणून महाराजबाग. इंग्रजी अमलात १८९४ मध्ये इथे प्राणिसंग्रहालय झालं, शेजारी १९०६ मध्ये कृषी महाविद्यालय आलं, आणि आज हे दोन्ही डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. कृषी काका याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. एकेका झाडाशी थांबून ते नाव, फुलायचा महिना, लाकडाचा उपयोग सांगत होते. मुलं वाघाच्या पिंजऱ्याकडे पळायला निघायची आणि काका म्हणायचे, "थांब बाबू, वाघ कुठे जात नाही, हा बकुळ बघून घे." आम्हा मोठ्यांनाही त्या दिवशी पहिल्यांदा नीट बकुळ दिसला.

तिथून कस्तुरचंद पार्कच्या बाजूला तर्री पोहे, आणि मग तेलंगखेडी बाग. शंकराच्या देवळात जाऊन आलो, फुटाळा तलावाच्या काठावर उन्हात बसलो, गाणी झाली. इथे फार लिहीत नाही, फोटोंत सगळं आहे.

काकांनी तिथे बसून एक गोष्ट सांगितली ती मात्र लिहिते. भोसल्यांनी नागपूरभोवती बागांची मालिकाच लावली होती : महाराजबाग, तुळशीबाग, पारडी, सक्करदरा, सोनेगाव, तेलंगखेडी. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. सक्करदऱ्याला तलाव, सोनेगावला तलाव, तेलंगखेडीजवळ फुटाळा. आधी पाणी अडवायचं आणि मग त्याच्या आधाराने बाग लावायची. विदर्भाच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, झाड जगवायचं तर दुसरा उपाय काय होता? आपण फुटाळ्याला भजी खायला जातो आणि तलाव व बाग या दोन वेगळ्या गोष्टी समजतो. मीही आजवर तसंच समजत होते.

साडेअकराला महालात पोचलो. गांधी गेटमधून आत शिरलो. हाच जुना जुम्मा दरवाजा. तुळशीबाग म्हटलं की आज रस्ता आणि वस्तीच डोळ्यांसमोर येते, बागेचं नाव तेवढं उरलं. राजवाड्याचा नगारखाना उभा आहे, तो बाहेरून पाहिला. आणि मग ज्यासाठी खरं आलो होतो तो वाडा.

आपल्या गटातल्या एका ताईंच्या माहेरचा हा वाडा. घरच्यांच्या विनंतीवरून आडनाव आणि गल्ली लिहीत नाही, कृपया कोणी विचारूही नका. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या दप्तरात होते. रस्त्यावरून पाहिलं तर एक उंच भिंत आणि मोठा दरवाजा एवढंच दिसतं. दाराला खिळे, आणि त्याच दारात एक छोटी दिंडी. त्या दिंडीतून वाकून आत गेलं की देवडी, आणि देवडीतून चौकात पाय ठेवला की एकदम वरून ऊन अंगावर येतं. गल्लीतला सगळा गोंगाट मागे राहतो. आमच्यातली नऊ वर्षांची पोरगी म्हणाली, "इथे आवाज कोणी बंद केला?"

मधे तुळशीवृंदावन, चारी बाजूंनी ओसरी, ओसरीला सागवानाचे सुरूदार खांब. खाली रुंद, मग फुगीर, वर निमुळते, आणि माथ्यावर केळफुलासारखी कोरलेली हस्तं. मी एका खांबाला हात लावला. लाकूड थंड नव्हतं आणि खरखरीतही नव्हतं. बोटांना किंचित तेलकट लागलं आणि हाताला वास राहिला, ओळखीचा पण चटकन आठवेना असा. काकू (ताईंच्या वहिनी, वय साधारण ६५) माझ्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "जवस आहे ते."

मग त्यांनी दाखवलंच. वाटीत थोडं जवसाचं तेल, हातात जुन्या धोतराची चिंधी. चिंधी बुडवायची नाही, फक्त टोक ओलं करायचं. मग खालून वर, लाकडाच्या रेघेबरोबर चोळत जायचं, आडवं कधीच नाही. तासाभराने कोरड्या चिंधीने उरलेलं पुसून काढायचं, नाहीतर त्यावर धूळ बसते आणि काळा चिकट थर होतो. वाड्यात असे २८ खांब आहेत. दिवाळी झाली की काकू रोज एक खांब घेतात. सासूबाईंनी शिकवलं, सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी. "आधी चार जावा होतो, आठवड्यात संपायचं. आता महिना लागतो."

हे ऐकल्यावर माझं वाड्याकडे पाहणंच बदललं. तोवर मी कोरीव काम बघत होते. नंतर मला फक्त हात दिसायला लागले. सारवणारे, पुसणारे, कवेलू (कौलं) फेरणारे. चार भावांपैकी तीन बाहेरगावी आहेत, एक कुटुंब इथे. कवेलू फेरायला दर उन्हाळ्यात माणूस लागतो आणि तो मिळत नाही. माकडं एका उडीत दहा फोडतात. मागच्या बाजूची माडी म्हणूनच बंद केली. तिथे एक कवेलू सरकलं, पाणी पाटईत (फळ्यांच्या छतात) उतरलं, आणि दोन पावसाळ्यांत तुळई गेली. जुन्या लाकडाचे व्यापारी महिन्याला येऊन विचारतात, खांब देता का, दार देता का. काकूंनी हे सगळं तक्रार म्हणून सांगितलं नाही, ताटं मांडता मांडता सांगितलं.

जेवण! गोळाभात, वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीची तेलाची फोडणी, कढी, सांबारवडी आणि मिरचीचा ठेचा. (पुण्या-मुंबईकरांसाठी : आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) ओसरीवर पंगत बसली. काकूंनी आग्रह करकरून वाढलं.

जेवणानंतर परसात गेलो. तिथे एक विहीर आहे आणि एक संत्र्याचं झाड. ताईंच्या आजोबांनी लावलेलं. काकू म्हणाल्या, "पूर्वी गोड लागायचा, आता नुसता आंबट, आम्ही लोणचं घालतो." कृषी काका झाडाशी गेले. एक फळ हातात घेतलं : जाड, खडबडीत साल, देठाशी गाठ. मग गुडघ्यावर हात ठेवून, दोघांच्या आधाराने, खाली वाकून बुंधा पाहिला. बराच वेळ पाहिला.

"हा संत्रा नाही राहिला," ते म्हणाले. "हे जंबेरी आहे."

नागपुरी संत्र्याचं कलम जंबेरीच्या (जाड सालीच्या आंबट लिंबाच्या) खुंटावर करतात. रोपाच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची, त्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि बांधून टाकायचं. वर संत्रा, खाली जंबेरीची चिवट मुळं. पण जोडाच्या खालून खुंटाला फूट येत राहते, काटेरी, जोमदार. ती वेळोवेळी काढली नाही तर खुंट वरचढ होतो आणि संत्रा मरतो. इथे तसंच झालं होतं. काकांनी बोटाने ती जागा दाखवली, वाळलेल्या संत्र्याचं थोटूक अजून होतं, अंगठ्याएवढं. काकू काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मामंजी गेल्यावर कोणी बघितलंच नाही इकडे."

पुढच्या रविवारी काका त्यांच्यासाठी नवीन कलम घेऊन जाणार आहेत. ते माझ्या दुचाकीवरून जाणार, मी आत्ताच सांगून ठेवते.

फोटो खाली देतेय. घराच्या आतले फोटो परवानगी घेतलेलेच आहेत, कृपया पुढे पाठवू नका.

प्रतिसाद : जुनी शुक्रवारी

काय सुंदर लिहिलंस गं. मी महालात जन्मले, शाळा तिथलीच, आणि वीस वर्षांत एकदाही चौकात उभं राहून वर पाहिलं नाही. आमच्या आजीकडेही जवसाच्या तेलाचा वास यायचा, मला वाटायचं तो आजीचाच वास आहे. आज कळलं.

प्रतिसाद : गोदातीरी

वृत्तांत आवडला. मी नाशिकची, नागपूरचा इतिहास फारसा ठाऊक नाही. मुख्य राजवाड्याचं काय झालं? नगारखानाच का उरला?

प्रतिसाद : मोडीवाचक

गोदातीरी, थोडक्यात सांगतो. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास हे शहर वसवलं. अठराव्या शतकाच्या मध्यावर पहिल्या रघुजी भोसल्यांकडे सत्ता आली. काळ्या दगडाचा, लाकडी नक्षीकामाने नटलेला राजवाडा होता. तो १८६४ मध्ये आगीत गेला.

पण घर त्याच्या दहा वर्षं आधीच रिकामं झालं होतं. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. नंतर राजवाड्यातल्या चीजवस्तूंचा लिलाव झाला. हत्ती, घोडे, बैल इथे सीताबर्डीला विकले, जडजवाहीर कलकत्त्याला पाठवून विकलं. दुसऱ्या रघुजींच्या पत्नी बाकाबाई त्या वेळी वृद्ध होत्या, त्यांनी याला कडाडून विरोध केला. तुमच्या वृत्तांतातल्या काकू वाचल्या आणि मला बाकाबाईच आठवल्या. उंबरठ्यावर उभं राहून "यातलं काही जाणार नाही" म्हणणाऱ्या.

त्या दिवशी मीही होतो. मोहफूलचं एक लिहायचं राहिलं. माडीवर एका पेटीत मोडीतले कागद आहेत. मी तीन वाचले. एक पावती होती, तेल आणि वातीच्या खर्चाची. त्या कागदांवर फसली सन (महसुलाचं जुनं वर्ष) असतं, त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतं, हे घरच्यांना सांगितलं तेव्हा सगळे आपापले कागद घेऊन हिशेब करायला बसले. कागदांना वाळवी लागायला सुरुवात झाली आहे. घरच्यांची तयारी असेल तर मी दर शनिवारी जाऊन एकेक कागद वाचून, फोटो काढून, यादी करून द्यायला तयार आहे.

प्रतिसाद : अंबिया

मोडीवाचक दादा, लिलावावरून आठवलं. २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात पहिल्या रघुजींची तलवार आली होती, ती महाराष्ट्र शासनाने ४७.१५ लाखांना घेऊन परत आणली. सरळ पातं, त्यावर सोन्याच्या अक्षरांत देवनागरी लेख, त्यात सेनासाहेब सुभा हा किताब. बातमी वाचली तेव्हा आमच्या घरी बाबांचे डोळे भरून आले होते.

तलवार आली याचा आनंद मनापासून आहे. पण महालातला एकेक खांब रोज विकला जातोय, त्याची बातमी होत नाही. तो परत आणायला कोण लंडनला जाणार?

प्रतिसाद : पऱ्हाटी

लेख चांगला आहे, पण एक बाजू मांडतो. राग मानू नका. आमचाही वाडा होता, वर्धेकडे. सात हिस्सेदार. कवेलू, भिंतीचा चुना, नाली, सगळं मिळून दर वर्षी खर्च यायचा आणि तो एकटे बाबाच करायचे. बाकीचे गणपतीला येऊन फोटो काढून जायचे. शेवटी बाबांचं दुखणं निघालं आणि वाडा विकला. दार विकताना मी तिथेच उभा होतो. ज्याने पैसे कधी दिले नाहीत अशा चुलत्यांनी नंतर आम्हाला "वारसा विकला" म्हणून बोल लावले. म्हणून म्हणतो, वाडे विकणाऱ्यांना नावं ठेवू नका. आत राहणाऱ्याचे हाल बाहेरून कळत नाहीत.

प्रतिसाद : मोहफूल

पऱ्हाटी भाऊ, राग कसला. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलं. मी विकणाऱ्यांना दोष दिलेला नाही, आणि तसं वाटलं असेल तर क्षमस्व. मला जे बोचलं ते वेगळं आहे. आम्ही १९ जण गेलो, जेवलो, फोटो काढले, "किती सुंदर" म्हणालो. म्हणजे तुमच्या त्या चुलत्यांसारखेच की! निघताना मी काकूंना विचारलं, आम्ही पुन्हा आलो तर चालेल का. त्या म्हणाल्या, "या ना. पण नुसतं बघायला नका येऊ, कंटाळा येतो दाखवून दाखवून." हे वाक्य मी तीन दिवस डोक्यात घेऊन फिरतेय.

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

प्रतिसाद : पऱ्हाटी

बाबा मागच्या वर्षी गेले. पण तुमचा नमस्कार पोचला.

प्रतिसाद : गोदातीरी

पऱ्हाटी, काय बोलावं कळत नाही. ___/\___

प्रतिसाद : वैनगंगाकाठी

म्या कट्ट्याला नव्हतो, पण काकूच्या बोलण्यावरून सुचून राहिलं म्हणून लिहितो. बाप्पा, नुसतं बघायला नाही तर हात लावायला जाऊ ना! २८ खांब, आपण पंधरा जण. एका दिवसाचं काम आहे. मी सुतारकामातला माणूस, तीस वर्षं हेच करून राहिलो. दोन-तीन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा.

घाणीचं कच्चं जवस तेल लाकडात चांगलं मुरते, पण सुकायला चार-पाच दिवस घेते. पेंटच्या दुकानात बेलतेल मिळते, उकळलेलं, ते लवकर सुकते. जुन्या सागाला मी पहिला हात कच्च्या तेलाचा देतो, त्यात थोडं टर्पेंटाईन, म्हणजे आत शिरते. काकू वर्षानुवर्षं कच्चंच लावत आल्या असतील तर तेच चालू ठेवा, मधेच बदलू नका. रंग वेगळा पडते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवस तेल सुकताना गरम होते, चिंध्यांचा ढीग असला तर आतल्या आत तापून पेट घेते. मी डोळ्यांनी पाहिलं आहे, एका कारखान्यात रात्री असाच ढीग पेटला. लाकडी वाड्यात हे अजिबात नको. एकेक चिंधी मोकळी पसरून चौकात वाळवायची, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची. काकू काय करतात ते विचारून घेजा.

प्रतिसाद : जुनी शुक्रवारी

वैनगंगाकाठी दादा, ही माहिती लाखमोलाची. मी येणार. माझ्या दोन्ही मुलांना आणणार. ते नववी-अकरावीत आहेत, मोबाईल घरी ठेवायच्या अटीवर.

प्रतिसाद : अंबिया

माझंही नाव लिहा. आमच्याकडे अंबिया बहाराची संत्री उतरली आहेत, दोन क्रेट घेऊन येतो. काकांनी सांगितलेलं अगदी बरोबर आहे. आमच्या बागेत आम्ही महिन्या-दोन महिन्यांनी प्रत्येक झाडाच्या बुडाशी बसून खुंटाची फूट काढतो. कोवळी असताना अंगठ्याने निघते, वाढली की कात्री लागते. नवीन कलम लावताना एक करा : डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर राहू द्या, मातीत गाडला तर बुंधा कुजतो. आणि परसात विहिरीचं पाणी बुंध्याला थेट लागू नये म्हणून दुहेरी आळं करा, आतलं कोरडं, बाहेरच्यात पाणी.

परंपरेने असं सांगतात की भोसल्यांनीच औरंगाबादेकडून संत्रा नागपुरात आणून आपल्या बागेत लावला. तसं असेल तर महालातल्या परसात संत्र्याचं झाड परत उभं राहणं मला फार मोलाचं वाटतं. कलम माझ्याकडून. काकांनी विकत आणू नये.

प्रतिसाद : मोडीवाचक

कवेलूंचं कोणी बघेल का? तुळई गेली ती माडी सोडा, पण पुढच्या बाजूला तीन ठिकाणी मला उजेड दिसला. पावसाळ्याला अजून वेळ आहे, पण माणूस शोधायला वेळ लागतो.

प्रतिसाद : वैनगंगाकाठी

भंडाऱ्याकडचे दोन म्हातारे आहेत माझ्या ओळखीचे, अजून चढतात. बोलतो त्यांच्याशी. जुने कवेलू कुठं घर पाडून राहिले असतील तर जमा करून ठेवा, नवीन त्या मापाचे मिळत नाहीत.

प्रतिसाद : पऱ्हाटी

आमच्या वाड्याचे कवेलू शेतातल्या गोठ्याच्या मागे रचून ठेवले आहेत. बाबांनी ते विकू दिले नव्हते. चारशे-पाचशे असतील. माप जुळलं तर घेऊन जा. मी स्वतः आणून देतो.

प्रतिसाद : मोहफूल

पऱ्हाटी भाऊ, काय लिहू. आजच संध्याकाळी काकूंकडे जाऊन कवेलूचं माप घेते.

सकाळी त्यांच्याशी फोनवर बोलले. सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. चिंध्यांचं विचारलं तर म्हणाल्या, "आम्ही बादलीतच टाकतो, सासूबाई ढीग करू द्यायच्या नाहीत." कारण त्यांना ठाऊक नव्हतं, नियम मात्र पाळत आल्या. मोडीच्या कागदांना हो म्हणाल्या, पण पेटी घराबाहेर जाणार नाही, माडीवरच बसून वाचायचं. जेवण त्या करणार नाहीत, हे मी कबूल करून घेतलं आहे, डबे आपापले. फक्त कढी त्या करणार, त्यावर त्यांनी ऐकलं नाही.

पुढचा रविवार, सकाळी आठ, गांधी गेटपाशी. तेल पाच लिटर वैनगंगाकाठी दादा आणतील, हिशेब नंतर. चिंध्या प्रत्येकाने घरून आणायच्या. काकूंनी खास सांगितलंय, जुनं सुती धोतर किंवा लुगडं फाडून आणा, टेरिकॉट चालणार नाही, ते तेल ओढत नाही.